दुसरा ठोका

भूतबाधा, करणी, असलं काही मी मानत नाही. बेलापूरला आमच्या गल्लीत कुणी लिंबू उतरवून टाकलं, तर ते उचलून सरबत करणारा मी एकटाच. त्यामुळे तुम्ही हसलात तरी चालेल... पण हे कुणाला तरी सांगायचंय.

मी सुप्याला एमआयडीसीत प्रेस मशीनवर आहे. पायानं पेडल दाबलं की वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, येऊन पत्र्यावर आदळते. गावचाच मित्र विलास त्याच कंपनीत होता आणि आमची खोलीही एकच. सुट्टीला तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. तो अंगठ्यानं तारा ठोकत स्लॅप वाजवायला लागला की नाचणारे थांबून त्याच्याकडे बघत राहायचे.

गेल्या दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी प्रेसमध्ये त्याचा उजवा अंगठा गेला. गावी परतताना गिटार माझ्या हातात देऊन म्हणाला, "आता मला काय कामाची? तू शीक. पन शिकायची तर स्लॅपच शीक."

शिकायला घेतलं. अंगठ्याच्या हाडानं जाड तारेवर ठोका मारायचा आणि लगेच उचलायचा, मग बोटानं बारीक तार ओढून सोडायची. मी अंगठा तारेवरच दाबून ठेवायचो, त्यामुळे आवाज मरायचा. बोटाला फोड आला, तरी सोडलं नाही.

एका रविवारी, दुपारी चारला, ठोका पहिल्यांदा नीट बसला... आणि त्याच्या मागोमाग दुसरा वाजला. मी एकदाच मारला होता. तार सैल असेल म्हणून तार बदलली. खोलीच्या पत्र्याचा प्रतिध्वनी असेल म्हणून बाहेर कडुलिंबाखाली बसून मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तरी दोनच.

तो आवाज मला ओळखीचा होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माझ्या प्रेसनं असंच केलं होतं. पेडल एकदा दाबलं, डाय दोनदा पडली. रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं. पण उद्या मशीनची पूजा, हळद-कुंकू, नारळ... सणासुदीला मशीनचं वाईट कशाला लिहायचं, पूजेनंतर चालेल नीट, असं म्हणून मी वही मिटली. दसऱ्यानंतर मला ताप आला. माझ्या मशीनवर विलास उभा राहिला.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी बेलापूरला गेलो. विलास ओट्यावर डाव्या हातानं शेंगा फोडत बसला होता. मी रेकॉर्डिंग लावलं. मान हलवत त्यानं सगळं ऐकलं.

"ब्येस हाय की. आंगठा जरा लवकर उचल."

"अजून काही ऐकू आलं?"

"न्हाई. का रं?"

म्हणजे खोट माझ्याच मनात होती. मग मात्र मला राहवलं नाही. प्रेसचं, वहीचं, सगळं सांगून टाकलं. रेकॉर्डिंगमधल्या दुसऱ्या ठोक्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. विलास चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. शेंगांची टोपली बाजूला सारून त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "परत लाव ते."

लावलं. दहा-बारा सेकंदांत त्याचा चेहरा उतरला.

"सुन्या, ह्ये दोनदा कसं पडतंय?"

मी मोबाईल कानाशी धरला. एकच ठोका होता. मागं-पुढं करून तीनदा ऐकलं... एकच.

कुणी म्हणेल, मनाचे खेळ. माझ्या मनाचे असतील, पण ते त्याच्या कानात कसे गेले? मोकळा व्हायला मी गेलो होतो आणि झालोही. आता माझी गिटार स्वच्छ वाजते.

विलासला अजून दोनच ऐकू येतात. परवा गिटार परत द्यायला गेलो, तर त्यानं हातही लावला नाही.

"तूच वाजव," म्हणाला. "तुला एकच ऐकू येतंय न्हवं."