भावजींची घंटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — पोटच्या लेकीलाही नाही. तिच्यापायी केलं, तरी नाही.

आम्ही नगरचे ओतारी. मेण आणि राळ वितळवून घंटेचा नमुना मी करायची, त्यावर मातीचे थर चढवायची. मेण काढून त्या पोकळीत कासं ओतायचे ते माझे धाकटे दीर. माझे मालक गेल्यावर घरात त्यांचाच शब्द चाले. भावजींना ऐकू कमी येऊ लागलं होतं, ते फक्त मला ठाऊक. घंटा तयार झाली की टोला देऊन ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी "बरी हाय" म्हटलं की घंटा गावाला जायची. बहिऱ्याकडे घंटा कोण ओतायला देईल? म्हणून मीही गप्प राहायची.

आणि या माणसानं काय करावं? आईच्या आजारपणात मी राहात्याला गेले, तेवढ्यात माझी पोर जामखेडच्या बिजवराला देऊन टाकली. मला न विचारता! परत आले तर तिची परकर-पोलकी तेवढी दांडीवर. मी रडले नाही. भाकऱ्या थापल्या — आणि वाट बघितली.

लढाईचे दिवस होते, कासं मिळायची मारामार. सोनईकडच्या एका गावातल्या बायकांनी देवळाच्या घंटेसाठी घरची जुनी ताटं-वाट्या दिल्या. ओतताना आत हवा अडकली असावी. भावजींनी टोला दिला — घंटा बद्द वाजली.

"वैनी, कशी हाय?"

फोडून पुन्हा ओतता आली असती. माझ्या एका शब्दाचं काम होतं.

"लई गोड वाजती, भावजी."

देवळात मीही गेले. मुद्दाम गेले. सगळ्या गावासमोर भावजींनी पहिला टोला दिला आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले. लोक हसले, तर तेही हसले — त्यांना काय कळणार? मग एक म्हातारी पुढं आली, घंटेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या सासूचं ताट हुतं रं ह्यात." तिचे डोळे भरलेले बघून घंटा फसल्याचं त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही.

त्यांनी परत भट्टी पेटवली नाही. माझं नावही घेतलं नाही — घेतलं असतं तर बहिरेपण कबूल करावं लागलं असतं. लेक जामखेडलाच राहिली.

त्या म्हातारीनं माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. पण भावजींचा तो चेहरा पाहून मला बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.