झिजलेला तट

पंचवटीतल्या एका हॉटेलवाल्यानं माझ्याकडून सागरी किल्ल्याचं चित्र मागितलं होतं. भगवा झेंडा, उसळत्या लाटा, मावळता सूर्य. अशी चित्रं मी इतकी रंगवली होती की हात आपोआप चालायचा आणि मन बाजूला जांभया देत बसायचं. कंटाळून ठरवलं, निदान एकदा खरा किल्ला बघून यायचा. वडील सोबत निघाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. निफाडजवळच्या खेड्यातून ते तोफखान्यात भरती झाले होते. निवृत्तीनंतर माझ्याकडेच असतात.

घाट उतरून किनाऱ्याला पोचेपर्यंत दोघंही आंबून गेलो. ओहोटी होती, वाळूतून चालतच किल्ल्यात शिरलो. आत चिटपाखरू नव्हतं. तटापाशी आले आणि माझे पाय थांबले. खाऱ्या वाऱ्यानं काळा दगड खाऊन टाकला होता, पण सांध्यांतला चुना तसाच उभा होता. दगडांच्या खोलगट वाट्या झालेल्या, भोवती चुन्याची पांढरट जाळी. ठरवून कुणाला असं जमलं नसतं. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी काढावंसं वाटलं.

"अण्णा, बुरुजावर येता?"

"तू जा. लय चढलो आयुष्यात. मी बसतो इथंच."

ते तटाला टेकले. समोर गवतात एक गंजकी तोफ पडली होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "हिला आता कुणी पुसत नाय, वढत नाय. सुटली बिचारी." थोड्या वेळानं त्यांचा डोळा लागला. मी बुरुजावर गेलेच नाही. तट काढला, आणि तटाला टेकून झोपलेले अण्णाही.

नाशिकला परतल्यावर ते कॅनव्हासवर उतरवलं. हॉटेलवाल्यानं मान तिरकी करून पाहिलं. "मॅडम, काम भारीये. पण हे आजोबा काढून टाका ना. आणि झेंडा कुठंय?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. "हे राहू द्या," म्हटलं, "तुम्हाला दुसरं देते." झेंड्याचं चित्र करून दिलं. तो खूश झाला.

अण्णांनी मात्र चष्मा पुसून माझा तट जवळून पाहिला. "भिंत झ्याक आलीय. मला कशाला मधी बसवलं? पार दमलेला दिसतोय."

"दमलाच होतात तुम्ही."

"मग सोताला पण काढायचं शेजारी. तू काय कमी दमली व्हतीस?"

झेंड्यांची कामं मी अजून घेते. मधूनच तो तट पुन्हा काढायला बसते. विकत कुणी मागितलेला नाही.