सव्वाशे हातमोजे आणि मावशींचा गाल

डॉक्टर तपासताना घालतात आणि मग फेकून देतात, त्या रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात मावशी एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या. मोजा नळकांड्यावर चढवायचा, वरून लिटरभर पाणी ओतायचं, आणि दुभत्या म्हशीच्या कासेसारखा तो लोंबायला लागला की दोन मिनिटं नजर हलवायची नाही. थेंब दिसला की मोजा नापास. सव्वाशेत सात गळके चालतात, आठवा निघाला की सगळा माल बाद.

पाण्याआधी मावशींची एक खोड होती. मोज्यात फुंकर मारायची, तोंड पिळून धरायचं आणि फुगा गालाला लावायचा. बारीकसा वारा लागला तरी त्यांना कळायचं. नियमात हे कुठंच नव्हतं, पण त्या गालाचा कारखान्यात दरारा होता.

यंदा नवे, पातळ मोजे काढले होते. ते विकायला सरकारी परवाना हवा, परवान्याच्या फाइलीत मावशींच्या सहीचा तपासणीचा तक्ता हवा, आणि फाइल शुक्रवारी जायची होती. बुधवारी सव्वाशेत अकरा मोजे गळले.

व्यवस्थापक साहेब डोकं धरून बसले. आता हुकलं तर सहा महिने थांबा, म्हणजे नव्या मशीनवर घेतलेल्या बारा जणी घरी. त्यात मावशींची सूनही होती. साहेबांनी आडून सुचवलं, अकराच्या जागी सहा लिहिले तर कोण बघतंय?

"लिहा की," मावशी म्हणाल्या. "सहीपण तुम्हीच करा. उद्या हा मोजा घालून एखादी नर्स रक्त पुसेल, तिला माझं नाव सांगू नका म्हणजे झालं."

मावशींनी अकराही मोजे टेबलावर पसरले. भोक प्रत्येकाला अंगठ्याखालीच, टाचणी टोचल्यासारखं. साचा बिघडला म्हणावा, तर मोजे वेगवेगळ्या साच्यांवरचे. आणि सगळे शेवटी तपासलेल्या विसातले. चक्रावून त्यांनी आणखी एक उचलला, फुंकला, गालाला लावला. काळजीनं डोकावायला आलेली सून शेजारीच उभी होती.

"आई, हलू नका," ती म्हणाली. "तुमच्या चष्म्याचा स्क्रू बाहेर आलाय. तोच टोचतोय."

चष्मा महिन्यापूर्वी तिनंच हट्टानं घ्यायला लावला होता आणि गालाची खोड मावशींची, त्यामुळे दोघींना एकमेकींवर डाफरताही येईना.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते तक्ता फाडायलाच निघाले. मावशींनी तो ओढून घेतला. तक्ता फाडायचा नसतो. त्यावर आडवी रेघ मारायची, कारण लिहायचं, खाली सही. त्यांनी लिहिलं, की तपासणाऱ्या बाईनं मोजा गालाला लावल्यानं चष्म्याच्या स्क्रूनं भोकं पडली. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खं दालन हसून लोळलं. मावशी लाजून लाल.

गुरुवारी नवे सव्वाशे मोजे घेतले. फुंकर बंद. हात सवयीनं गालाकडे जायचा, की सून खाकरायची. तीनच गळले. फाइल दोन्ही तक्त्यांसकट गेली.

सरकारी कार्यालयानं उलट एवढंच विचारलं, की पुन्हा असं होऊ नये म्हणून काय केलंत? उत्तर मावशींनीच सांगितलं: मोजा तोंडानं फुंकणं आणि गालाला लावणं कायमचं बंद. एकोणीस वर्षांची विद्या एका ओळीत गेली, म्हणून त्या दिवसभर कुरकुरल्या.

परवाना आला, मशीन सुरू झालं. पहिला ट्रे सूनच घेऊन आली.

"यातला एक जरी गळला तर तक्त्यावर माझं नाव लिहा," ती म्हणाली.

"लिहिते की," म्हणत मावशींनी पाणी ओतायला घेतलं.