चुन्याच्या चमच्याचं माप

२४ एप्रिल १९७३. शाळेला सुट्टी लागली होती. दोन वाट्यांत कोमट पाणी, साखर आणि सुकं यीस्ट घालून मी घड्याळाकडे बघत बसले होते. एका वाटीत ताज्या डब्यातलं यीस्ट, दुसरीत तीन वर्षं फळीवर पडलेल्या जुन्या डब्यातलं. दहा मिनिटांत पहिलीवर फेस चढला. दुसरीत नुसतं गढूळ पाणी. मला हवं होतं तेच झालं. मी हात पुसले आणि जुन्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

ही परीक्षा गार्डीणबाईंची. रेल्वेतल्या गार्डाची ही विधवा जळगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. भुसावळला असताना एका मडमेकडून त्या आल्याची बिअर करायला शिकल्या होत्या. आलं, लिंबू, साखर, पाणी आणि किंचित यीस्ट. चढत काही नसे, पण बूच उडालं की नाकात झिणझिण्या येत.

यीस्ट त्या पानाच्या डब्यातल्या चुन्याच्या चमच्याने मोजत. बारा बाटल्यांना थंडीत दोन चमचे, वैशाखात अर्धा. मी एकदा मे महिन्यात दोन घातले आणि मोरीत ठेवलेल्या तीन बाटल्या भरदुपारी फुटल्या. काचा वेचता वेचता बाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, जळगावचं ऊन फुकट राबतं. त्याच्या जोडीला एवढे मजूर कशाला लावलेत?" तेव्हापासून चमच्यावरचा ढीग त्या माझ्याकडून पोस्टकार्डाच्या कडेने सपाट करून घेत. बोट लावलेलं चालत नसे.

मोजण्याआधी वाटीतली परीक्षा हवीच. "मेलेलं यीस्ट शेरभर घाला, बूच हलायचं नाही. आधी जीव आहे का बघा, मग माप काढा."

स्वभावाने त्या गोड नव्हत्या. कुणी 'आज जरा तिखट झालीय' म्हटलं, की त्याच्या हातातला पेला काढून घेत. तरी उन्हाळ्यात लोक त्यांच्याच ओट्यावर बसत. चौकातल्या नानांच्या सोडावॉटरच्या दुकानात माशा.

दारूबंदीचे दिवस होते. नानांनी चौकीवर जाऊन सांगितलं, बाई घरात बिअर करते. हवालदाराने 'बिअर' हे नाव ऐकलं, चव काही घेतली नाही. चाळीस बाटल्या गटारात ओतल्या. समोर नाना पान चघळत उभे होते. बाईंना चौकीत दिवसभर बसवून सोडलं. पण घरमालकाने खोली सोडायला सांगितली.

नागपूरला भावाकडे निघताना त्यांनी चुन्याचा चमचा माझ्या हातात ठेवला. "हा नाना एक दिवस मापासाठी तुमच्याकडे येईल. मी असते तर दार लावलं असतं. तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा." दोन वर्षांनी त्या गेल्याचं पत्र आलं. गटाराकडे बघताना बाईंचा चेहरा कसा झाला होता, ते मी एक दिवसही विसरले नाही.

नाना आले, पण दहा वर्षांनी, अक्षय्य तृतीया तोंडावर असताना. हात जोडून. "ताई, आखाजीले दुकानवर नवी पाटी लावनी शे. बठ्ठा गावले फुकट पाजसू. त्या बाईनं माप तेवढं सांगा. यीस्टबी द्या, आठे जळगावमा भेटस नही."

"कोणत्या बाईचं माप, नाना?"

"ती गार्डीण ना! आते नाव काय याद ऱ्हास?"

"उद्या सकाळी दुकानात येते," मी म्हणाले. ते गेल्यावर फळीवरचा जुना डबा खाली काढला आणि दोन वाट्या मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या दुकानात गेले. बारा बाटल्यांना अर्धा चमचा, पोस्टकार्डाने सपाट करून, दोनदा करून दाखवलं. कागदावर लिहूनही दिलं. माप अगदी बरोबर होतं. मग जुना डबा त्यांच्या हाती दिला, घरी आले आणि ताज्या डब्यातल्या अर्ध्या चमच्यावर माझ्या बारा बाटल्या भरून टाकल्या. नानांकडचं पिऊन झालं की आखाजीला लोकांना काहीतरी प्यायला लागणारच होतं.