हाइनीची होडी उलटली त्या दिवशीचा गोल

हाइनीला पोहता येत नाही हे आमच्या नेसवाग गावात सगळ्यांना ठाऊक होतं. उभा जन्म ग्रीनलंडच्या समुद्रात मासेमारी करण्यात गेला, पण पोहायचा विषय निघाला की म्हणायचा, "एवढ्या गार पाण्यात पोहणारा जरा उशिरा मरतो, एवढाच फरक. उगाच लांबण कशाला लावायची?"

असा हा माणूस आमच्या फुटबॉल क्लबचे समुद्रात गेलेले चेंडू आणून द्यायचा.

आमचं मैदान डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये कसंबसं बसवलेलं आहे. एका अंगाला चढ, त्यावर आम्ही बघणारे. दुसऱ्या अंगाला कमरेएवढी दगडी भिंत, भिंतीपलीकडे खडक, आणि खडक संपले की पाणी. फेरो बेटांवर वारा कुणाला विचारून येत नाही. जरा उंच मारलेला चेंडू भिंत ओलांडतो, आणि ओहोटी असली तर थेट आइसलंडच्या दिशेने निघतो. हाइनीची होडी ठेवायची शेड तिथेच कडेला. आधी वाहत आलेले चेंडू तो नुसतेच परत फेकायचा. मग कुणीतरी म्हणालं, मॅच असेल तेव्हा होडीत बसून राहशील का? तो राहिला. झालं, तेव्हापासून ते त्याचंच काम.

"बावीस धट्टीकट्टी माणसं, आणि चेंडू आणायला सत्तरीचा म्हातारा," त्याची बायको सुन्वा चारचौघांत म्हणायची. "त्यांना म्हणावं, बुद्धिबळ खेळा. वजीर काही समुद्रात जात नाही."

हाइनी मैदानाकडे पाठ करून बसायचा. घरी गेल्यावर सुन्वाने विचारलं, "कशी झाली मॅच?" तर उत्तर यायचं, "भरती होती."

मी गावची नर्स. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची औषधं, जखमा, रक्तदाब बघणं हे माझं काम. त्यामुळे त्या वर्षी गावाला कसा धक्का बसत गेला ते मी घरोघरी पाहिलंय. आदल्या मोसमात आम्ही दुसऱ्या गटातून खाली घसरता घसरता वाचलो होतो. आमचा प्रशिक्षक तोर्किल दिवसा सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करायचा. कप्तान आयदुन म्हणजे हाइनीच्या बहिणीचा मुलगा, सुतार. गोलकीपर फेरीबोटीवर दोर बांधायचा. असली टीम, आणि वसंतात ती जिंकायला लागली. पहिल्यांदा जिंकली तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा जिंकली तेव्हा म्हणाले, समोरच्यांची पोटं बिघडली असतील. उन्हाळाभर जिंकत राहिली तेव्हा लोक घाबरले.

"मार्यून, रक्तदाब वाढलाय म्हणतेस?" एक आजोबा मला म्हणाले. "मग काय होणार? आपण जिंकतोय ना! या वयात हे सोसतं का?"

ऑक्टोबरात शेवटची मॅच आली तेव्हा वरच्या गटात जायची एकच जागा उरली होती. समोर हालविकची टीम, आमच्याच मैदानावर. त्यांना बरोबरी पुरे होती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं.

त्या दिवशी वारा असा होता की पेनल्टीच्या वेळी आमच्या एका पोराला गवतावर आडवं पडून चेंडू बोटाने धरून ठेवावा लागला. आयदुनने तो मारला आणि गोल केला. मग हालविकने बरोबरी केली. एकेक गोल झालेला, मॅच संपत आलेली, आणि हालविकच्या कुणीतरी वेळ काढायला चेंडू मुद्दाम भिंतीपलीकडे भिरकावला. चढावरून शिव्यांचा पाऊस पडला. रेफरीने दुसरा चेंडू घेतला आणि खेळ पुढे सुरू झाला. हाइनी वल्ही मारत पहिल्या चेंडूमागे निघाला असणार. असणार म्हणते, कारण कुणीच पाहिलं नाही. आम्हा सगळ्यांचे डोळे आमच्या गोलकडे होते. हालविकची जवळजवळ सगळी टीम तिथे चढून आली होती आणि आम्ही देवाचा धावा करत होतो.

पलीकडच्या गोलमध्ये त्यांचा गोलकीपर ब्रांडुर एकटाच उभा होता. त्याच्याकडे काम नव्हतं, म्हणून त्याची नजर पाण्याकडे गेली. त्याला होडीचं बूड दिसलं.

तो ओरडला, पण वाऱ्यात कुणाला काय ऐकू येणार? मग तो गोल सोडून पळाला. हातमोज्यांसकट भिंत ओलांडली, खडकांवरून घसरत पाण्यात गेला.

इकडे चेंडू आमच्या बचावातून सुटला आणि आयदुनच्या पायात आला. तो मान खाली घालून सुसाट निघाला. मधली रेघ ओलांडून त्याने वर पाहिलं. पुढे गोल मोकळा. गोलकीपर पुढे धावत आला असेल, मागे कुठेतरी राहिला असेल, असं त्याला वाटलं, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. त्याने लांबूनच मारला. चेंडू घरंगळत घरंगळत जाळीत गेला.

आम्ही वेडे झालो. मी शेजारच्या पाद्रीबाबांच्या गळ्यात पडले. आयदुन हात पसरून चढाकडे धावत आला. रेफरीने गोलची शिट्टी दिली. आणि मग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आरडाओरडा विझत गेला. हालविकचे खेळाडू भिंतीकडे धावत होते. कुणीतरी म्हणालं, "त्यांचा गोलकीपर कुठाय?" आणि सुन्वा, जी कधी मॅचला येत नसे, पण त्या दिवशी आली होती, हळूच म्हणाली, "होडी कुठाय?"

मी धावले. मागे वळून पाहिलं तर आयदुन अजून तिथेच उभा होता, हात तसेच पसरलेले.

हाइनी जिवंत होता. होडी उलटली तेव्हा त्याने नुकताच उचललेला चेंडू छातीशी धरला होता, तो त्याने सोडला नाही. त्या चेंडूवर हनुवटी टेकवून तो तरंगत होता. ब्रांडुर त्याला कॉलरला धरून ओढत होता आणि लाट दोघांना पुन्हा मागे नेत होती. शेवटी आमचे आणि त्यांचे खेळाडू हातात हात धरून साखळीने पाण्यात उतरले तेव्हा कुठे ते बाहेर आले. हाइनीचा चेहरा शिशासारखा झाला होता. चेंडू काढून घ्यायला मला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

दोघांना आमच्या कपडे बदलायच्या खोलीत नेलं. ओले कपडे काढले, सापडतील तेवढी घोंगडी गुंडाळली, गोड चहा घोट घोट पाजला. डोंगरापलीकडून, बोगद्यातून, रुग्णवाहिका यायची होती. ब्रांडुरचे दात इतके वाजत होते की कप धरवत नव्हता. हाइनी थरथरतही नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. सुन्वा त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. तिला गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दारात तोर्किल आणि आयदुन आले. आयदुनचा चेहरा हाइनीपेक्षा पांढरा.

"मामा," तो म्हणाला, "मला दिसलं नाही. आईशप्पथ, मला दिसलं नाही."

"काय दिसलं नाही?" हाइनीने विचारलं. त्याचे ते पहिले शब्द.

"मी गोल मारला. हा तुला काढत होता तेव्हा."

हाइनीने ब्रांडुरकडे पाहिलं, मग आयदुनकडे. त्याला समजायला वेळ लागला. "मोकळ्या गोलमध्ये?"

"हो."

"आणि तो गोल म्हणून धरला?"

"रेफरी म्हणतोय नियमाने धरावाच लागतो," तोर्किल म्हणाला. "शिट्टी झाली होती."

मग आयदुनच वळला. "चला. त्यांना एक देऊन टाकू." तोर्किल त्याच्याकडे बघत राहिला. वर्षभर पिंजऱ्यांवरच्या पाळ्या बदलून घेऊन, बायकोची बोलणी खाऊन त्याने ही टीम उभी केली होती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "चल."

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. हालविकने मधल्या रेघेवरून खेळ सुरू केला आणि आमचे अकराही जण हात पाठीमागे बांधून उभे राहिले. त्यांचा पुढचा गडी चेंडू घेऊन चालत आला, आमच्या गोलमध्ये ठेवला आणि तोंड झाकून रडायला लागला म्हणे. चढावर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही. दोन-दोन. म्हणजे हालविक वर जाणार.

आत हाइनी आता थरथरायला लागला होता, आणि मला हायसं वाटलं.

"तुम्ही पोहत का नव्हतात, आबा?" ब्रांडुरने दात वाजवत विचारलं. "पाय तरी मारायचे."

"येत नाही."

"काय येत नाही?"

"पोहता."

ब्रांडुर कप तसाच हातात धरून बघत राहिला. "तुम्ही समुद्रातून चेंडू आणता. आणि तुम्हाला पोहता येत नाही."

"आजवर गरज पडली नव्हती."

"सुन्वाबाई, हे खरं?"

"खरं," सुन्वा म्हणाली. मग एकदम तिचा बांध फुटला. "खरं रे बाबा! मी जन्मभर सांगतेय या दगडाला! तरंगायचं जाकीट घाल म्हटलं तर म्हणतो बगलेत रुततं. रुततं! आता काय रुतलं?" ती रडत होती आणि त्याच्या पावलांवर चापट्या मारत होती.

तेवढ्यात बाहेर आवाज उठला. मोठा, पण विचित्र. सुरू होऊन मध्येच अडकल्यासारखा. आम्ही चौघे दाराकडे बघत राहिलो.

"तुमचा आहे," ब्रांडुर म्हणाला.

"कशावरून?" मी विचारलं.

"आमची माणसं थोडी आहेत. एवढा आवाज त्यांना निघणार नाही."

आमचा फेरीबोटीवरचा गोलकीपर, त्याने आपल्या गोलमधून चेंडू लांब लाथाडला होता. वाऱ्याच्या झोताने तो उचलला, अख्ख्या मैदानावरून नेला, हालविकच्या बदली गोलकीपरच्या समोर एक टप्पा पाडला आणि डोक्यावरून आत टाकला. लोक ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांना आठवलं की खरा गोलकीपर कुठे आहे ते. आम्ही वरच्या गटात गेलो तो क्षण असा होता. कुणी मैदानात धावलं नाही. माणसं चढावर उभी राहिली, एकमेकांकडे बघत, जणू कुणीतरी भलत्याच घरी मोठं पार्सल देऊन गेलं होतं.

एक पोरगा धावत येऊन हे सांगून गेला तेव्हा ब्रांडुरने कप खाली ठेवला. "वाऱ्याचा होता म्हणता? मग माझ्याही हातून सुटलाच असता," तो म्हणाला. पण त्याने घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत काढलं नाही.

हाइनी बरा झाला. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली, एवढंच. गावात हळूहळू आनंदही आला. तो काही कायमचा अडवता येत नाही. मुलांनी भिंती रंगवल्या, मेंढ्यांच्या शिंगांना फिती बांधल्या.

मग नाताळाच्या आधी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचं सासर हालविकला. ती म्हणाली, "ब्रांडुरने खेळणं सोडलंय. इथे लोक त्याला तोंडावर काही बोलत नाहीत, पण मासळीच्या कारखान्यात, दुकानात चालू असतं. काठावर इतकी माणसं होती, यानेच कशाला पळायचं. गोलकीपरने गोल सोडायचा नसतो."

मी ते हाइनीला सांगावं की नाही, याचा बराच विचार केला. शेवटी बोटांना मलम लावता लावता सांगून टाकलं. त्याने हात काढून घेतला. पाण्यातून निघाला तेव्हाही त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"मला काढल्याबद्दल?" तो म्हणाला. "त्याला बोलतात? मला काढल्याबद्दल?"

रविवारी आम्ही हालविकला निघालो. मी गाडी चालवली, हाइनी शेजारी, सुन्वा मागे बसली, मांडीवर ब्रांडुरसाठी वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं तंगडं फडक्यात गुंडाळून. हालविकच्या क्लबात रविवारी दुपारी कॉफी असते. आम्ही दार उघडलं तशी बोलणी थांबली. ब्रांडुर तिथे नव्हता; त्याची आई होती, किटलीजवळ.

हाइनीने टोपी काढली. चार माणसांत बोलायची त्याला सवय नाही.

"मी नेसवागचा हाइनी," तो म्हणाला. "तुमच्या गोलकीपरने गोल सोडून काय आणलं ते नीट बघून घ्या. फार काही नाही. गुडघे गेलेत, दात निम्मे उरलेत. एवढ्यासाठी तुमचं वर जाणं गेलं, महागच पडलं. मला फुटबॉल कळत नाही. पण त्याला कुणाला काही म्हणायचं असेल, तर आधी मला म्हणा. मी इथे उभा आहे."

भिंतीलगतच्या बाकावर एक जाडजूड माणूस बसला होता. मावसबहिणीने मला नंतर सांगितलं, सगळ्यात जास्त तोच बोलत असे. त्याची मान लाल झाली होती. "आम्हाला नुसतं वर जायचं होतं हो," तो शेवटी म्हणाला. "माझ्या बापापासून आम्ही वाट बघतोय."

"हो," हाइनी म्हणाला. तो टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

ब्रांडुरच्या आईने कॉफीचा कप भरला आणि टेबलावर इतक्या जोराने आदळला की निम्मी सांडली. "उभं काय राहिलाय," ती डोळे पुसत खेकसली. "बसा. आणि कुणीतरी जा रे, ब्रांडुरला घेऊन या."

जाडजूड माणूस बाकावर सरकला आणि त्याने जागा केली.