शेवटच्या डब्याचा हात

आमच्या मोठ्या भाऊजींइतका वळणाचा नाद घेतलेला माणूस परळ-लालबागात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं झालं. दोन झाले असते तर आमच्या चाळीतून कुणीच वेळेवर कामाला पोचलं नसतं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, राहायचे शेजारच्या खोलीत. पूर्वी माथेरानच्या छोट्या गाडीवर ड्रायव्हर होते. वाफेचं इंजिन. त्या घाटात घोड्याच्या नालेसारखं एक वळण आहे, कॅलेंडरावर छापतात ते. भाऊजी सांगायचे, त्या वळणावर इंजिन एका अंगाला आणि शेवटचा डबा समोरच्या अंगाला येतो, म्हणजे आपल्याच गाडीचं शेपूट आपल्याला समोर दिसतं. तिथे शेवटच्या डब्यावरचा ब्रेकवाला हात वर करायचा. हात दिसला की समजायचं, सगळे डबे सोबत आहेत. मग भाऊजी शिट्टी देऊन गाडी पुढे काढायचे. हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की रात्री कुणी उठवून इंजिनावर बसवलं असतं तरी मी गाडी वर नेली असती.

घाट सुटला, पण वळण काही सुटलं नाही. बाजारात निघाले की भाऊजी पुढे आणि माझ्या मोठ्या जाऊबाई दहा पावलं मागे. कोपरा आला की भाऊजी थांबायचे, मागे बघायचे. जाऊबाईंनी हात वर केला की तोंडाने बारीक शिट्टी घालून पुढे. जिन्याच्या वळणावर तेच, देवळाच्या प्रदक्षिणेत तेच. एकदा जाऊबाईंच्या एका हातात मासळीची पिशवी आणि दुसऱ्यात रॉकेलचा डबा. हात वर होईना, भाऊजी हलेनात, मागे हातगाडीवाला शिव्या घालतोय. शेवटी जाऊबाईंनी पिशवीच उंच धरली. सगळं पाणी त्यांच्या पदरावर. मी म्हटलं, "एक दिवस नका करू हात. काय होईल?" त्या म्हणाल्या, "तिथंच उभे राहतील गं. मग जेवायला कुणाला वाढू?"

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमचे हे गिरणीतून सुटले की थेट मोर्चात. भाऊजी गॅलरीत उभे राहून मोर्चा बघायचे आणि नाक मुरडायचे. "पुढचा कोपऱ्यावर वळला, पण मागे कोण राहिलं हे बघितलं का त्यानं? मुंबई मिळेल हो, पण शेपूट वाटेत राहील." आमचे हे चिडायचे. "दादा, ही काय तुमची खेळण्यातली गाडी आहे?" खेळण्यातली म्हटलं की भाऊजी दोन दिवस धाकट्या भावाशी बोलायचे नाहीत.

गाडीवरची नोकरी गेली तीही अशीच. डोळे अधू होत चालले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस वळणावर समोरचा हात दिसेना. दुसऱ्या कुणी अंदाजाने गाडी काढली असती. यांनी गाडी उभी केली, खाली उतरले, रुळाच्या कडेने चालत शेवटच्या डब्याशी गेले आणि विचारलं, "हात वर आहे का रे?" होता. तसेच परत चालत आले आणि मग शिट्टी दिली. गाडीतली माणसं हसली. पण वरच्यांना कळलं, डोळे तपासले आणि भाऊजींना परळच्या रेल्वे कारखान्यात जुने नट-बोल्ट वेगळे करायला बसवलं. तिथे त्यांचा जीव रमला नाही. एकच धोशा, पुन्हा त्या वळणावर जायचं. ड्रायव्हर नको, शेवटच्या डब्याचा ब्रेकवाला तरी करा. त्याला डोळे कशाला लागतात? हात तर शाबूत आहे.

खेटे घालून घालून शेवटी नेरळच्या साहेबांनी सांगितलं, ब्रेकवाल्याजवळ उभे राहून एक खेप करा, जमतंय का बघा, मग बोलू. आम्ही दोघी जावा सोबत गेलो. भाऊजींनी नवी टोपी घातली होती. आम्ही शेवटच्या डब्यात बसलो, ते बाहेर ब्रेकवाल्याच्या शेजारी. इंजिन धापा टाकत चढत होतं, डोळ्यांत कोळशाचे कण जात होते. वळण आलं. समोरच्या अंगाला इंजिन दिसलं, मला चांगलं दिसलं. भाऊजींनी हात वर केला, अगदी सरळ. ड्रायव्हर पुढेच बघत होता. शिट्टी झाली आणि गाडी निघाली.

ब्रेकवाला म्हणाला, "काका, हात कशाला? आता नुसत्या शिट्टीवर चालतं. तिकडून कोण बघत नाय."

भाऊजींनी हात खाली घेतला नाही. मी म्हटलं, "भाऊजी, घ्या हात खाली, फांदी लागेल." तरी नाही. वर पोचेपर्यंत तसाच.

परत नेरळला उतरलो. जाऊबाई म्हणाल्या, "साहेबांना भेटायचं ना?"

"भेटून काय सांगू? हात वर केला होता म्हणून? बघितला कुणी?"

तेव्हापासून भाऊजी वळणावर थांबायचे बंद झाले. कोपरा आला की तसेच पुढे जायचे, चाचपडत. जाऊबाई मात्र मागे हात वर करून उभ्या. मी म्हटलं, "अहो, ते बघत नाहीत आता." म्हणाल्या, "ठाऊक आहे."

मुंबई मिळाली तेव्हा चाळीत पेढे वाटले. भाऊजींनी पेढा हातात धरून विचारलं, "बेळगाव आलं का?" आमच्या ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. "बघ. मागे कुणी बघितलंच नाही," म्हणाले आणि पेढा जाऊबाईंना देऊन टाकला.

त्यानंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी. बायका मयताबरोबर जात नाहीत, म्हणून आम्ही गॅलरीत उभ्या होतो. तिरडी रस्त्याने गेली आणि कोपऱ्यावर वळायला लागली. तेव्हा जाऊबाईंनी हात वर केला. मी हळूच म्हटलं, "घ्या खाली, लोक बघतायत." घेतला नाही. खांदेकरी कुठले मागे बघणार? कोपरा रिकामा झाला तरी हात वरच. त्यांचा खांदा संधिवाताचा, थरथरायला लागला. मग मी त्यांच्या कोपराखाली माझा हात लावून उभी राहिले.