ढकलत नेलेलं विमान

सकाळी फिरायला जाताना फ्लाइंग क्लबच्या कुंपणापाशी मी हमखास थांबते. परवा तिथे एक बाई आणि त्यांचे दोन विद्यार्थी छोटंसं विमान हातांनी ढकलत धावपट्टीकडे नेत होते.

"इंजिन बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही हो. जमिनीवर उगाच इंधन कशाला जाळायचं?" बाई म्हणाल्या. त्या वैशालीताई, तिथे विमान चालवायला शिकवतात. एक विद्यार्थी चालवतो तेव्हा दुसऱ्याला त्या मागे बसवतात, म्हणजे एका फेरीत दोघंही शिकतात.

मला थोडं हसू आलं. वर गेल्यावर तेच इंजिन तासभर धूर सोडणार. पण घरी मी तरी काय करते? खोलीतून निघताना आठवणीने दिवा मालवते आणि कोपऱ्यावरची भाजी आणायला स्कूटर काढते. आवडीची गोष्ट सोडवत नाही, मग माणूस ती कडेकडेने कापत राहतो.

"मोठ्या विमानांच्या धुरापुढे तुमचं हे वाचवणं केवढंसं!" मी म्हटलं.

"केवढंसंच आहे. पण तेवढंच माझ्या हातात आहे. दर रविवारी एकटीच मजेसाठी उडायचे, तेही बंद केलं."

"चुकल्याचुकल्यासारखं होत नाही?"

"होतं ना. आभाळ स्वच्छ असलं की जास्तच."

"मग काय करता?"

"गच्चीवर कपडे वाळत घालते," त्या म्हणाल्या, "आणि वारा कुठून आहे ते बघत उभी राहते."